महाराष्ट्र-गुर्जरी आणि डून नदीचा काठ

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या धाकट्या बंधूंचा नातू ग्लासगोहून वाडीतल्या घरी आला. तेथे तो अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेतो. परदेशी गेलेली मुले सुटीत घरी येतात ती पुरणपोळी खाण्यास व झोपा काढण्यास, असा आमचा आजवरचा अनुभव. या मुलाने मात्र दुसऱ्याच दिवशी माळ्यावर चढून तीर्थरूपांची फिडलची पेटी खाली काढली आणि अंगणात नेऊन झटकली. व्हायोलिनला आमच्या घरात कोणी व्हायोलिन म्हणत नाही. तीर्थरूपांच्या पिढीत ते फिडलच होते व आमच्यापुरते ते अजून फिडलच आहे.

वाद्याची अवस्था बरी होती. घोडी पडलेली, दोन तारा तुटलेल्या, गजाचे केस कसरीने खाल्लेले, राळेचा खडा मात्र जसाच्या तसा. दुरुस्तीस आठ दिवस गेले. तीर्थरूप आपल्या पद्धतीने तारा सा-प-सा-प अशा लावीत व मांडी घालून, फिडलचे डोके पायाच्या घोट्याशी टेकवून वाजवीत. नातवाने खुंट्या पिळून तारा विलायती पद्धतीने लावल्या, म्हणजे प्रत्येक तार शेजारच्या तारेच्या पंचमात; मग उभा राहून, वाद्य हनुवटीखाली धरून त्याने एक धून वाजविली. लयीला संथ, झुलती, चार ओळींची. घरातली मंडळी भोवती जमली.

धून संपताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हा तर पहाडी!"

खाटेवर पडून ऐकणाऱ्या आत्यांना ते पटले नाही. आत्या म्हणजे तीर्थरूपांची सर्वांत धाकटी बहीण, वय वर्षे एकोणनव्वद, गाणे भावाच्या फिडलमागे बसून शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "स्वर भूपाचे आहेत, पण चाल भूपाची नाही. कुठली रे ही?"

"आत्याआजी, स्कॉटलंडची. डून नदीच्या काठाची आणि तिच्या उतारांची, असं नाव आहे तिचं."

आत्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग यात नदी कुठे आहे?"

या प्रश्नाने आमची सुटी गेली. नातू उत्तरे शोधू लागला, आम्ही कपाटातली जुनी पुस्तके काढली, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे वाटले म्हणून हा प्रपंच.

डून ही स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येची एक लहान नदी. एअरशायर परगण्यातील त्याच नावाच्या सरोवरातून निघून ती एअर गावाजवळ समुद्रास मिळते. तिच्या काठच्या अ‍ॅलोवे गावी १७५९ मध्ये रॉबर्ट बर्न्स हा कवी जन्मला. धून मात्र नदीची नव्हे. तिचा जन्म एडिंबरो शहरातल्या एका घरात झाला, आणि तो कसा, हे खुद्द बर्न्सनेच १७९४ सालच्या एका पत्रात सांगून ठेवले आहे. जेम्स मिलर नावाच्या तेथील एका कायदेपंडितास अस्सल स्कॉटिश धून रचण्याची फार हौस. स्टीफन क्लार्क हा पेशाने वादक. त्याने थट्टेने सांगितले की वाद्याच्या काळ्याच पट्ट्यांवर बोटे ठेवा, थोडी लय सांभाळा, की स्कॉटिश धून झालीच म्हणून समजा. मिलरसाहेबांनी ती थट्टा शब्दशः घेतली व थोड्याच दिवसांत धुनेचा कच्चा आराखडा सिद्ध केला. क्लार्कने त्यावर हात फिरविला. पुढे १७८८ मध्ये नील गाव या नामांकित फिडलवादकाने आपल्या दुसऱ्या संग्रहात ती छापली, आणि त्या वेळी तिला नाव होते ते उमरावांच्या एका शिकारी मंडळाचे.

ज्यांच्या घरी बाजाची पेटी आहे त्यांनी येथे क्षणभर थांबून क्लार्कचा सल्ला करून पाहावा. काळी तीन षड्ज धरून काळ्या पट्ट्याच तेवढ्या वाजवीत जावे. सा, रे, ग, प, ध. भूप! पेटी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने पहिल्या महिन्यात जे स्वर गिरविले, तेच ते. या पाच स्वरांवर आपण भूप उभा केला, देशकार उभा केला, पहाडीचा पायाही बराचसा त्यावरच. आणि तिकडे स्कॉटलंडने आपल्या कितीतरी धुना त्यांवरच रचल्या. त्यामुळे सौभाग्यवतींचे म्हणणे खोटे नव्हते व आत्यांचेही नव्हते. स्वर तेच असले तरी कोणत्या स्वरावर थांबायचे, कोणत्या वाटेने वर जायचे आणि कशा चालीने चालायचे, यावर सारे ठरते.

मग नदी आली कोठून? ती आली बर्न्सच्या शब्दांतून. १७९१ मध्ये त्याने या धुनेवर एका फसविल्या गेलेल्या स्त्रीचे गीत रचले. डूनच्या काठचा बहर तिला असह्य होतो, एवढाच त्याचा विषय. गीत असे काही लोकांच्या तोंडी बसले की शिकारी मंडळाचे नाव मागे पडले आणि धून नदीची झाली. गमतीचा भाग असा की त्याच पत्रात बर्न्स सांगतो, ही धून आपलीच असल्याचे आयर्लंडचे लोक छातीठोकपणे सांगतात, आणि मॅन बेटावर एका फिरत्या वादकाकडून ती ऐकल्याचे सांगणारेही आहेत. धून छापून दहा वर्षे झाली नाहीत तोच तिला तीन देश मिळाले होते!

या नील गावविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. जन्म १७२७, मृत्यू १८०७. टे नदीकाठच्या डंकेल्डजवळ इन्व्हर या खेड्यात त्याचे आयुष्य गेले. अ‍ॅथोलच्या ड्यूक घराण्याचा त्याला आश्रय, आणि रेबर्न या थोर चित्रकाराने काढलेली त्याची तसबीर प्रसिद्ध आहे. अशा वादकांनी आपल्या धुनांना नावे दिली ती आश्रयदात्यांची, त्यांच्या वाड्यांची, डोंगरांची, दऱ्यांची, पुलांची. धून ऐकून डोंगर ओळखता यावा असा त्यांचा दावा नव्हताच. एवढेच काय, तिकडचा एक संपूर्ण नृत्यप्रकारच दरीच्या नावाने ओळखला जातो. स्पे नदीच्या रुंद खोऱ्यास स्ट्रॅथस्पे म्हणतात, आणि स्ट्रॅथस्पे म्हणजेच त्या ठेक्याच्या धुना. त्यांत एक आखूड सूर झटक्यासरशी लावून लगेच पुढच्या लांब सुरावर उतरतात. नातवाने ते करून दाखविले तेव्हा आत्या म्हणाल्या, "ठेच लागल्यासारखं वाटतं." वाटते खरे. पण चार आवर्तनांनंतर त्यांचेच बोट खाटेच्या काठावर तोच ठेका धरू लागले होते.

डूनची धून हिंदुस्थानात यापूर्वीच येऊन गेली आहे. तरुण रवींद्रनाथ ठाकूर १८७८ मध्ये विलायतेस गेले, १८८० मध्ये परतले, आणि १८८२ च्या 'कालमृगया' या गीतिनाट्यात 'फुले फुले ढले ढले' हे गीत त्यांनी याच धुनेवर बांधले. बंगाली घराघरांत ते आजही गातात. त्याच १८८२ सालात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' रंगभूमीवर आले. जुन्या नाटकांची पुस्तके ज्यांनी चाळली असतील त्यांना पदाच्या डोक्यावरची 'चाल' आठवेल. हे पद अमक्या पदाच्या चालीवर, ते तमक्या. बर्न्सची गीतेही छापली गेली ती अशीच, शब्दांच्या वर धुनेचे नाव घालून. धून आधी असते, शब्द मागून तिच्या घरी राहावयास येतात आणि पुष्कळदा घरालाच आपले नाव लावतात.

आता आपल्याकडे वळू. रागांच्या नावांत गावे आणि मुलूख किती आहेत हे एकदा सलग म्हणून पाहावे: मुलतानी, जौनपुरी, सिंधुरा, गौड, बंगाल, कानडा. आमच्या दारातलेच म्हणाल तर सोरठ, गुजरी, आणि जिचे नाते खंभातशी लावतात ती खंबावती. देस तर नुसताच देश. कोणाचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. (बडोद्यात आपण 'देशावरचे' म्हटले की तिसऱ्या पिढीची सून विचारते, कुठल्या देशावरचे? यावर एक स्वतंत्र लेख होईल.)

सोरठ ऐकून गिरनार डोळ्यांपुढे येतो काय? आम्हांस तरी येत नाही. पण सोरठाचे स्वरूप मोठे हृद्य आहे. आरोहात गंधार व धैवत वर्ज्य, उतरताना कोमल निषाद, आणि गंधार असा नाहीच. मध्यमावरून ऋषभावर येणाऱ्या मींडेत तो लपलेला असतो. देसात तोच गंधार उघडपणे समोर येतो. दोघे इतके जवळचे की मैफलींतून देसाने सोरठास जवळजवळ बाजूस सारले. शीख पंथीयांच्या ग्रंथसाहेबात सोरठ हा एक मुख्य राग आहे, जुन्या रागमाला-चित्रांत सोरठ रागिणी आहे. परंतु आज एखाद्या मैफलीत सोरठ ऐकावयास मिळणे ही भाग्याची गोष्ट. नाव मुलखाचे, पण मुलखाने त्याला सांभाळले असे मुळीच नाही. सांभाळले ते गाणाऱ्यांनी, जेवढे सांभाळले तेवढे.

गुर्जरीची कहाणी याहून जुनी. बाराव्या शतकात जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त गुर्जरी राग सांगितलेला आहे. त्याच्या पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी शार्ङ्गदेव होऊन गेला. कुळ काश्मीरचे, आजोबा दक्षिणेत उतरलेले, स्वतः राज्याच्या हिशेबाचे काम पाहणारा, आणि ग्रंथ लिहिला तो 'संगीतरत्नाकर'. त्या ग्रंथात त्याने आपल्या काळी प्रचारात असलेले राग नोंदविले आहेत, आणि त्यांत गुर्जरीच्या शाखा दिल्या आहेत त्या अशा: महाराष्ट्र-गुर्जरी, सौराष्ट्र-गुर्जरी, दक्षिण-गुर्जरी, द्राविड-गुर्जरी.

महाराष्ट्र-गुर्जरी! हे नाव आम्ही मोठ्याने वाचले तेव्हा घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. गायकवाडांची स्वारी या प्रांती येण्यापूर्वी पाचशे वर्षे आधी हा शब्द देवगिरीस लिहिला गेला होता. गुजरातचा सूर महाराष्ट्रात जाऊन राहिला, तेथल्या गळ्यांतून थोडा बदलला आणि दोन्ही मुलुखांची नावे जोडून घेऊन बसला. आम्ही बडोदेकर त्याच्या उलट दिशेने आलो. आम्हांला पुण्यात गेल्यावर 'तुमची मराठी जरा गुजराती वाटते' असे सांगतात आणि येथे शेजारी कौतुकाने 'दक्षिणी' म्हणतात. हा जोडशब्द आम्हांस आमच्या दाराच्या पाटीवर लावावासा वाटला. त्या रागिणीचे आज कोणी गायन करीत नाही. आपण गातो ती गुजरी तोडी, पंचमाविना चालणारी, तिचे रूप वेगळे. महाराष्ट्र-गुर्जरीचे नाव तेवढे ग्रंथात उरले आहे.

सूर कागदावर उतरविण्याची खटपट आमच्या या शहरात जेवढी झाली तेवढी त्या काळी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. १८८६ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली होती व तिच्यावर पुस्तके छापली. त्यांचे दौहित्र इनायतखाँ १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले. ऐन विशीत, १९०३ च्या सुमारास, त्यांनी 'हार्मोनियम शिक्षक' व 'फिडल शिक्षक' अशी पाठ्यपुस्तके तयार केली. म्हणजे एकीकडे दरबारात वीणा, आणि दुसरीकडे गल्लीतल्या मुलाच्या हाती फिडलचे क्रमिक पुस्तक! पुढे मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यासच. सूरसागराजवळची विद्यापीठाची आजची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा ही त्या गायनशाळेचीच वारस होय.

या इनायतखाँनी १९१० मध्ये वीणा घेऊन समुद्र ओलांडला. सूफी विचारांचे गुरू म्हणून पश्चिमेकडे त्यांना मोठी कीर्ती लाभली, आणि १९२७ मध्ये दिल्लीस त्यांचा अंत झाला. हे येथे लिहिण्याचे कारण पुढे येईल.

आमचे तीर्थरूप १९३० नंतरची काही वर्षे मांडवी ओलांडून रोज त्या गायनशाळेत जात. मैफलीचे वादक ते झाले नाहीत. कारकुनी केली, सहा जणांचा संसार केला, आणि रात्री जेवणानंतर तासभर फिडल वाजविले. त्यांची एक वही पेटीच्या तळाशी सापडली. तांबूस शाई, बारीक अक्षर, वर रागाचे नाव, खाली स्वरलेखन. भूप, काफी, भीमपलासी, आणि अकराव्या पानावर सोरठाची गत. बाराव्या पानावर तिचा अंतरा असावा. ते पान वाळवीने अर्धे खाल्ले आहे.

नातवाला ते लेखन वाचता येईना. आम्हांलाही येईना, ही कबुली देण्यास आम्हांस लाज वाटते. वडिलांच्या हयातीत एकदाही बसून विचारले नाही. वाचले ते आत्यांनी, म्हणजे वाचले असेही नव्हे. पहिली ओळ कानावर घातल्याबरोबर त्या डोळे मिटून गुणगुणू लागल्या. आवाज कापरा, पण मध्यमावरून ऋषभावर येताना ती मींड अशी आली की आम्ही वडिलांच्या खोलीकडे वळून पाहिले. नातवाने तारा पुन्हा उतरवून सा-प-सा-प लावल्या, प्रथमच मांडी घालून बसला आणि आत्यांच्या मागोमाग ओळ ओळ वाजवीत गेला. चार संध्याकाळी असे चालले. तो झटका देऊन सूर लावी, आत्या म्हणत, "ठेच नको, घसर." पाचव्या दिवशी तो घसरला.

जाण्याच्या आदल्या रात्री त्याने विचारले, "आजोबा, फिडल मी नेऊ का?"

आमच्या मनात प्रथम आले ते 'नको' हेच. ज्या घरात ते वाजले त्या घरात ते असावे, एवढे साधे कारण होते. बंधू म्हणाले, माळ्यावर पन्नास वर्षे होतेच की. सौभाग्यवतींनी विमानात ते फुटेल अशी शंका काढली. वाद बराच वेळ चालला, आणि त्यात आमच्याकडून थोडे चढ्या आवाजात बोलणेही झाले. शेवटी आत्या म्हणाल्या, "इथे राहिलं तर त्याला वाजवणार कोण, तू?" त्यावर आम्हांस बोलता येईना. सकाळी आम्हीच पेटीस सुती दोरी बांधून दिली. वही मात्र ठेवून घेतली. तिची छायाचित्रे तो घेऊन गेला.

ग्लासगोस पोहोचल्यावर दीड महिन्याने त्याचा दूरध्वनी आला. तिकडे आठवड्यातून एकदा फिडलवाले एकत्र बसतात. ज्याला जी येते ती धून तो सुरू करतो, बाकीचे ऐकत ऐकत धरतात. आपला पठ्ठ्या तेथे सोरठाची गत वाजवून बसला. धुनेचे नाव काय म्हणून विचारले, तर गतीला नाव कोठले? ज्याच्याकडून किंवा ज्या गावी धून शिकली त्याचेच नाव तिला देऊन टाकण्याची तिकडे रीत आहे. हा म्हणाला, 'वाडी'. तेव्हा एका वृद्ध वादकाने मान डोलावून सांगितले की समजले, वाळवंटातली कोरडी दरी. त्या गृहस्थाने तरुणपणी अरबस्तानात नोकरी केली होती, आणि अरबीत दरीला 'वादी' म्हणतात म्हणे! आता तिकडच्या चार-सहा फिडलवाल्यांच्या वह्यांत आमची ही वाडी, भाजीवाल्यांच्या हाका, रिक्षांचे भोंगे आणि रंगमहालाच्या वाटेवरची गर्दी यांसह, एक निर्जन कोरडी दरी म्हणून नोंदली गेली आहे. आम्ही ते दुरुस्त करण्यास सांगितले. नातू म्हणाला, "आजोबा, राहू दे ना."

दूरध्वनी करण्याचे खरे कारण वेगळे होते. गत दोनदा वाजवून झाली की लोक पुढचा भाग मागतात, आणि बारावे पान तर अर्धेच. आत्यांना आम्ही विचारले. अंतऱ्याची पहिली ओळ त्यांना आठवते, दुसरी मध्येच तुटते, तिसरी आहे असे त्या म्हणतात. त्यांनी निरोप दिला आहे की त्याने सवडीने दूरध्वनी करावा, पण आपल्या सकाळच्या वेळी. संध्याकाळी त्यांचा आवाज बसतो.